मासे होते तिथून डावीकडे

पत्ता विचारला की मिसेस स्टॅनिफोर्थ
नसलेल्या गोष्टींवरून सांगायच्या :
कोळशाची वखार होती ना, लव्ह, तिथून वर,
आणि आमच्या एडनाची लाँड्री होती
तिथे वळायचं.

मी एकोणऐंशीच्या नोव्हेंबरात आलेली.
ना वखार ठाऊक, ना एडना.
एकदा तर रडत रडत अख्खा चढ चढले
आणि चढच चुकीचा निघाला.

मिरजेत चढ म्हणजे रेल्वेचा पूल.
इथे दूध आणायला गेलं तरी
गुडघे हिशेब मागतात.

पण नाव मात्र जुन्या ओळखीचं.
मिशन हॉस्पिटलात, थिएटरच्या ट्रेमध्ये,
उकळून काढलेल्या कात्रीच्या दांड्यावर
बारीक अक्षरांत कोरलेलं : शेफील्ड.
सिस्टर भास्करबाई म्हणायच्या, पोरींनो, जपून,
ही कात्री तुमच्यापेक्षा जास्त समुद्र ओलांडून आली आहे.
मी ती रोज पुसायची.
मला वाटायचं कंपनीचं नाव असेल.

शांतवन भेटायचा तो रस्त्यातल्या भोकात.
खरंच, गावाने नावच तसं पाडलेलं.
चौकाखाली भुयारी वाटा, मधोमध उघडं आभाळ,
आणि भिंतीत बसवलेली माशांची काचेची टाकी.
आईला पत्रात काय लिहिणार?
'आम्ही भोकात भेटतो' असं?
लिहिलं : आम्ही माशांपाशी भेटतो.
आईचं उत्तर आलं : बाजारात कशाला भेटता,
चर्चमध्ये भेटावं.

पाणी गढूळ असायचं.
मासे बहुतेक कंटाळलेले.
मी नाइट ड्यूटीवरून, तो फाइल कारखान्यातून,
दोघांच्या डोळ्यांत झोप
आणि त्याच्या नखांत लोखंडाची पूड.
आम्ही फारसं बोललोच नाही त्या वर्षी.
एक मासा दुसऱ्यामागून जाताना बघायचो.

मग पोरं झाली. दोन पेन्सांत बसमधून हिंडली.
विमानतळावरून परतताना मागच्या सीटवर झोपायची,
आणि मोटरवेच्या कडेला ते दोन थोराड मनोरे दिसले
की शांतवन नुसता हॉर्नवर बोट टेकवायचा.
वाजवायचा नाही.
पोरं उठायची.
घर आलं हे आम्हाला त्या दोन
रिकाम्या, वाफही न सोडणाऱ्या मनोऱ्यांनी सांगितलं,
किल्लीने नाही.

ते पाडले त्या रात्री तीन वाजता
तो थर्मास घेऊन उभा होता, गर्दीत.
पहाटे येऊन म्हणाला,
एकाचा तुकडा पडायलाच तयार नव्हता गं.
आणि चहा न पिता झोपला.

भोक तर त्याआधीच बुजवलं होतं.
माशांचं काय केलं
हे मी कुणालाच विचारलं नाही.

परवा स्टॉपवर एक मुलगी, गळ्यात हॉस्पिटलचा पट्टा,
इरिट्रियाची म्हणाली. पाय ओले, फोन मेलेला.
बँक कुठे?
मी म्हटलं, सरळ खाली जा,
मासे होते ना, तिथून डावीकडे.

ती माझ्याकडे बघत राहिली.
त्या बघण्यात
नोव्हेंबर होता, एकोणऐंशीचा,
आणि माझ्या तोंडात
मिसेस स्टॅनिफोर्थची कवळी.

कुठले मासे? तिने विचारलं.

माझी बस आली. ड्रायव्हरने लव्ह म्हणून दार उघडलं.
मी हात हलवून जाऊ दिली.
चल, म्हटलं, दाखवते.
बँक डावीकडे आहे.
पण आधी तिथे जरा उभी राहा माझ्याबरोबर,
ट्रामच्या रुळांपासून दोन पावलं अलीकडे.